विहिरीचे तांबडे पाणी : जांभा, लोह आणि जिवाणू

पाणी चांगले की वाईट, हे ठरविण्याची आपली रीत फार जुनी आहे. कळशीत घ्यावे, डोळ्यांनी पाहावे, वास घ्यावा, चूळ भरून चव पाहावी. नितळ, थंड आणि गोड लागले की पाणी चांगले. तांबूस दिसले, वर तवंग आला, लोखंडाचा वास आला की पाणी वाईट. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्यांत अशी एखादी विहीर, झरा किंवा बोअर असते, की जिच्याकडे लोक याच कारणाने पाठ फिरवितात. "विहिरीत तेल सुटले", "पाणी कुजले", "कोणी तरी काही तरी टाकले" असे बोलले जाते, आणि मग एप्रिल-मेच्या उन्हात बायामाणसांना दुसऱ्या वाडीपर्यंत हंडे वाहावे लागतात.

आम्ही शास्त्र शाखेचे विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या खतावण्यांत आमचे दिवस गेले. परंतु पाणी हा विषय फक्त शास्त्रज्ञांचा नाही, तो घराघराचा आहे. या तांबड्या पाण्याचे कारण शोधू लागल्यावर आमच्या ध्यानात आले की, ही कथा जमिनीतील खनिजे आणि पाण्यातील जिवाणू यांच्या देवाणघेवाणीची आहे, आणि ती समजली तर पाण्याविषयीचे दोन मोठे गैरसमज दूर होतात. पहिला, तांबडे पाणी म्हणजे दूषित पाणी. दुसरा आणि अधिक घातक, नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी. संस्थेचे सभासद आणि विशेषतः विद्यार्थी यांच्यासाठी ही माहिती येथे सोप्या भाषेत मांडीत आहोत.

जांभ्याची घडण

आपला जिल्हा ज्या पायावर उभा आहे तो काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा हा खडक तयार झाला. त्यात वजनाने सुमारे दहा टक्क्यांपर्यंत लोह असते. पुढे लाखो वर्षे त्यावर ऊन आणि पाऊस यांचा मारा झाला. आजही रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या पाण्याने खडकातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिका धुऊन नेली. मागे राहिले ते प्रामुख्याने लोह आणि ॲल्युमिनियम. हाच आपला जांभा. खाणीतून ताजा निघालेला चिरा सहज तासता येतो आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होतो, हे कोकणी माणसास सांगावयास नको. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी मलबार प्रांतात लोकांना असेच चिरे काढताना पाहून या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' असे नाव दिले.

जांभ्याचा लाल-तपकिरी रंग हा गंजाचा रंग होय. लोखंडी खिळा ओलसर हवेत पडून राहिला तर त्यावर जो थर चढतो, त्याच जातीचा पदार्थ जांभ्यात ठासून भरलेला आहे. लोह आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तो बनतो.

येथे एक कोडे उभे राहते. गंज पाण्यात विरघळत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत पिढ्यान् पिढ्या पावसाळे सोसते, पण तिच्यातील लोह विरघळून भिंत झिजून गेली असे होत नाही. मग विहिरीच्या पाण्यात लोह येते कोठून? आणि पाणी काढताना स्वच्छ असते, ते हंड्यात राहिल्यावर तांबूस का होते? या कोड्याचे उत्तर जिवाणूंपाशी आहे.

जमा आणि नावे

जिवाणू हे एका पेशीचे जीव. त्यांची लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. रोग करणारे जिवाणू आपल्याला नावाने ठाऊक असतात, पण बहुसंख्य जिवाणूंचा रोगाशी काही संबंध नसतो. माती, गाळ, खडकांच्या भेगा आणि पाणी येथे ते आपापला संसार करतात.

संसार म्हटला की ऊर्जा लागते. ती मिळण्याची पद्धत आम्ही आमच्या धंद्यातील भाषेत सांगतो. जमाखर्च लिहिताना प्रत्येक नावे नोंदीसमोर एक जमा नोंद असावी लागते. एका खात्यातून रक्कम निघाली तर ती दुसऱ्या खात्यात पडली पाहिजे, नाही तर ताळा बसत नाही. सजीवांचा ऊर्जेचा व्यवहार असाच आहे, फक्त येथे रकमेच्या जागी इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण असतात. आपण भात-भाकरी खातो, त्या अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात. आपण श्वासावाटे प्राणवायू घेतो, तो ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. या देवघेवीत जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपले शरीर चालते. प्राणवायू मिळाला नाही तर स्वीकारणारे खातेच बंद होते आणि काही मिनिटांत माणूस दगावतो.

जिवाणूंना मात्र इतकी सक्ती नाही. प्राणवायू नसेल तर त्यांच्यातील काही जाती दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देऊन ताळा जमवितात. तो पदार्थ गंजातील लोह असू शकतो, मँगनीज असू शकते, समुद्राच्या पाण्यातील सल्फेट असू शकते. म्हणजे हे जीव एका अर्थाने दगडावर श्वास घेतात! आणि काही जाती याच्या उलट, विरघळलेल्या लोहालाच अन्न म्हणून वापरतात व प्राणवायूने श्वास घेतात. एकाच लोहाचे खाते एकाच्या वहीत जमेकडे, तर दुसऱ्याच्या वहीत नावेकडे. तांबड्या पाण्याचे सारे रहस्य या दोन नोंदींत आहे.

लोह सोडविणारे जिवाणू

पहिली नोंद जमिनीखाली होते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर पडलेले पाणी भराभर मुरते. जांभ्याच्या खाली, कुजलेल्या बेसॉल्टची चिकणमाती लागते. तेथे पाणी अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपाने बाहेर पडते. वाटेत हे पाणी जेथे कुजलेला पाला, मुळे, शेण, चिखल यांतून जाते, तेथे कुजविणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवून टाकतात. प्राणवायू संपला की गंजावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. ते पालापाचोळ्यातील अन्न खातात आणि इलेक्ट्रॉन गंजातील लोहाला देतात.

इलेक्ट्रॉन मिळताच लोहाचा स्वभाव पालटतो. न विरघळणारे लाल 'फेरिक' लोह हे विरघळणारे, जवळजवळ रंगहीन 'फेरस' लोह बनते आणि पाण्याबरोबर वाहू लागते. जो चिरा पाण्याला दाद देत नव्हता, त्याच जातीच्या पदार्थातील लोह जिवाणूंनी असे सोडवून पाण्यात आणले.

हे काम जिवाणू करतात याची नीट ओळख शास्त्रालाही तशी अलीकडेच पटली. १९८७ साली अमेरिकेतील डेरेक लव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातून असा एक जिवाणू वेगळा करून दाखविला. तो गंजावर श्वास घेत होता आणि त्या खटाटोपात गंजाचे रूपांतर काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या मॅग्नेटाइट खनिजात करीत होता. या कुळाला पुढे 'जिओबॅक्टर', म्हणजे भूमीचा जिवाणू, असे नाव मिळाले. पुढील वर्षी, १९८८ साली, मँगनीजवर श्वास घेणाऱ्या जिवाणूचेही वर्णन प्रसिद्ध झाले. तो अमेरिकेतील ओनायडा सरोवरात सापडला होता.

आमच्या शेतकरी बांधवांनी याच प्रक्रियेचा एक नमुना पावसाळ्यात हरघडी पाहिलेला असतो. भाताच्या खाचरात पाणी तुंबले की काही दिवसांत मातीतील प्राणवायू संपतो आणि लोह विरघळू लागते. लोहाला घट्ट चिकटून बसलेले फॉस्फरस हे पोषकद्रव्य त्यामुळे मोकळे होते आणि भाताच्या उपयोगी पडते. भाताचे रोप आपल्या मुळांपर्यंत प्राणवायू खाली पोहोचविते, म्हणून मुळांभोवती आलेले लोह तेथेच गंजते. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर जो तांबूस लेप दिसतो तो हाच. लोह फारच झाले तर मात्र पाने तपकिरी पडतात आणि पिकाला अपाय होतो.

लोह बांधणारे जिवाणू

आता दुसरी नोंद. जमिनीखालचे हे प्राणवायूविरहित, लोहयुक्त पाणी झऱ्याच्या तोंडाशी किंवा विहिरीत येते. तेथे त्याला हवा भेटते. विरघळलेले लोह हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पुन्हा गंज बनू लागते. भरपूर हवा असेल तर हे काम जिवाणूंवाचूनही होते. बोअरचे स्वच्छ दिसणारे पाणी हंड्यात ठेवल्यावर तांबूस होते आणि तळाशी लाल गाळ बसतो, तो यामुळेच. परंतु जेथे हवा थोडी आणि लोह पुष्कळ, अशा काठावरच्या जागी लोहजिवाणू आपले बस्तान बसवितात. ते फेरस लोहातील इलेक्ट्रॉन काढून घेतात, प्राणवायूला देतात आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर जगतात. या व्यवहारात नफा फारच थोडा. त्यामुळे पोट भरण्यासाठी जिवाणूला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट लोह गंजवावे लागते. मूठभर लाल लगद्यात जिवाणूंचे शरीर कमी आणि त्यांनी मागे टाकलेला गंज जास्त असतो, तो म्हणूनच.

या जिवाणूंत दोन नावे प्रसिद्ध आहेत. 'गॅलिओनेला' हा घेवड्याच्या दाण्यासारखा वाकलेला जिवाणू आपल्या अंगातून पीळदार दोरीसारखा देठ काढतो आणि गंज त्या देठावर बसवितो. जर्मनीतील एरेनबर्ग यांनी त्याचे वर्णन १८३०च्या दशकातच केले होते. दुसरा 'लेप्टोथ्रिक्स'. तो नळीसारखे आवरण तयार करून त्यात रांगेने राहतो आणि नळीवर लोह चढविल्यावर ती सोडून पुढे जातो. झऱ्याच्या तोंडाशी दिसणारा मऊ, कापसासारखा नारिंगी-तांबडा लगदा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला तर त्यात अशाच रिकाम्या नळ्या आणि पीळदार देठ दिसतात.

मात्र हे जीव लोहावर जगत असावेत, ही कल्पना मांडली ती कीव्ह येथे जन्मलेल्या सर्गेई विनोग्राडस्की यांनी, १८८८ साली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंविषयी तसेच दाखवून दिले होते. सजीवांना जगण्यासाठी सूर्यप्रकाश किंवा दुसऱ्या सजीवाने बनविलेले अन्न लागते, असा त्या काळी समज होता. केवळ खनिजावर जीवन चालू शकते, हा विचार त्या समजाला धक्का देणारा होता.

लोह आणि जीव यांचे हे नाते पृथ्वीएवढे नसले तरी जवळपास तेवढे जुने आहे. फार पूर्वी समुद्रात प्राणवायू नव्हता आणि त्यात विरघळलेले लोह विपुल होते. सूर्यप्रकाश वापरणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या उद्योगाने ते गंजून तळाशी बसले. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या काळात अशा पट्टेदार लोहखडकांचे प्रचंड थर जगभर साचले. आपल्या शेजारच्या गोव्यातील लोहखनिजही अशाच प्राचीन पट्टेदार खडकांतून आलेले आहे. विहिरीच्या कठड्याखाली जे आज चमचाभर घडते, ते एके काळी समुद्राच्या मापाने घडले.

काठीची परीक्षा

पाण्यावरच्या तवंगाविषयी आता निश्चित बोलता येईल. लोहजिवाणू आणि गंजाचा अतिशय पातळ पापुद्रा शांत पाण्यावर धरतो. तो इतका पातळ असतो की, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे मोरपंखी रंग त्यावर दिसतात. म्हणून तो तेलासारखा वाटतो. तेल आणि हा पापुद्रा ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. एका काठीने तवंग हलकेच मोडावा. तो काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटला आणि तुकडे तसेच वेगळे राहिले, तर तो लोहाचा पापुद्रा. काठी काढताच तो पुन्हा वाहून एकत्र मिळाला, तर ते डिझेल, रॉकेल किंवा अन्य तेल. पंपाशेजारच्या विहिरीत तेल गळणेही अशक्य नाही, तेव्हा परीक्षा केल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

असे लोह पिण्यात आल्याने काय होते? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील लोहासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरविलेली नाही. लिटरला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह झाले की कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडतात, चव बिघडते. चहा काळा पडतो, कारण चहातील तुरट द्रव्य आणि लोह मिळून गडद रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तिचे तत्त्व हेच. लोहजिवाणूही माणसाला रोग करीत नाहीत. त्यांचा उपद्रव आहे तो नळाला. त्यांचा लगदा पाइपात, गाळणीत आणि पंपाच्या तोंडाशी साचतो, पाण्याची धार बारीक होते, आणि त्या थराखाली दुसरे जिवाणू लोखंडी पाइप कुरतडू लागतात.

खाडीचा काळा चिखल

ज्यांची घरे भाट्ये, शिरगाव किंवा अन्य खाडीकाठी आहेत, त्यांनी याच नाट्याचा काळा प्रवेश पाहिलेला आहे. ओहोटीला कांदळाच्या झाडांजवळ पाय रुतला की वरचा थर तपकिरी आणि आतला चिखल काळाकुळकुळीत निघतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. या चिखलात प्राणवायू काही मिलिमीटरच खाली जातो. त्याखाली राहणारे जिवाणू सल्फेटवर श्वास घेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते, तेव्हा त्यांना तुटवडा नाही. १८९५ साली हॉलंडमधील बायरिंक यांनी असा जिवाणू प्रथम वेगळा केला. त्याच्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. अंड्याचा वास त्याचा. हा वायू चिखलातील लोहाशी संयोग पावला की काळे आयर्न सल्फाइड बनते. काळा रंग त्याचा. हा चिखल काठावर उपसून ठेवला तर हवा लागून तो हळूहळू तपकिरी होतो.

म्हणजे डोंगरावरील लाल, पाण्यातील रंगहीन आणि खाडीतील काळे, ही एकाच लोहाची तीन रूपे झाली. कोणते रूप कोठे दिसेल, हे तेथे प्राणवायू किती आणि जिवाणू कोणते यावर ठरते.

नितळ पाण्याचे विष

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग चिंता कशाची? हे जिवाणू निरुपद्रवी आहेत." तसा निष्कर्ष काढू नये. गंज सोडविण्याची जी प्रक्रिया कोकणात फक्त कपड्यांवर डाग पाडते, तिनेच पूर्वेकडे लाखो लोकांच्या आयुष्यात विष कालविले आहे.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात पूर्वी तळी व नद्यांचे पाणी पीत असत. त्यातून पटकी, हगवण यांचा फैलाव होई. म्हणून १९७०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका बसविण्यात आल्या. पाणी नितळ आणि थंड होते, पोटाचे विकारही कमी होतील अशी आशा होती. परंतु १९८०च्या दशकाच्या आरंभी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांवर गाठी आणि अंगावर काळेपांढरे ठिपके असलेले रुग्ण येऊ लागले. कारण निघाले आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष.

हे विष कोणी टाकलेले नव्हते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर गंजाचा लेप आहे आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेले आहे. गंज जागच्या जागी राहिला तर आर्सेनिकही जागेवर राहते. पण गाळात गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर जगणारे जिवाणू गंजावर श्वास घेतात, गंज विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. गंज विरघळल्याने हे घडते, असे १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले गेले. २००४ साली त्याच नियतकालिकात मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालच्या गाळावर प्रयोग करून जिवाणूंचा त्यातील हात दाखवून दिला. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही आर्सेनिकची जागतिक मर्यादा. ते पाण्यात असले तरी रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळूनही ते जात नाही.

कोकणचा जांभा आणि बंगालचा गाळ यांची जात वेगळी आहे, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण धडा सर्वांसाठी एकच आहे. पाण्याचा न्याय डोळ्यांनी करता येत नाही.

आपल्याकडे या धड्याचा संबंध येतो तो मैल्याशी. कावीळ, विषमज्वर, हगवण यांचे जंतू पाण्याला रंग देत नाहीत. जांभ्याच्या ज्या छिद्रांतून आणि भेगांतून पावसाचे पाणी भराभर विहिरीत येते, त्याच वाटेने शौचालयाच्या शोषखड्ड्यातील पाणीही येऊ शकते. जांभा गाळणीचे काम फारसे करीत नाही. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून जितका दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असेल, तितका बरा. एखाद्या वाडीने तांबड्या पाण्याची विहीर टाकून दिली आणि शोषखड्ड्याजवळच्या नितळ विहिरीचे पाणी धरले, तर तिने डाग टाळून रोग पत्करला, असे म्हणावे लागेल.

मग पाणी तपासावे कसे?

गंमत अशी की, मैला ओळखण्याची एक सोपी परीक्षा खाडीच्या काळ्या चिखलाच्याच तत्त्वावर आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. छोट्या निर्जंतुक बाटलीत जिवाणूंचे खाद्य, गंधकाचा एक क्षार आणि लोहाचा एक क्षार असतो. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक ते दोन दिवस उबदार जागी ठेवतात. मैल्याबरोबर येणारे जिवाणू पाण्यात असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो लोहाशी मिळतो आणि बाटलीतील पाणी काळे पडते. काळे पडले तर ते पाणी पिऊ नये. खाडीकाठच्या विहिरीत किंवा गंधकाचा वास असलेल्या झऱ्यात दुसऱ्या जिवाणूंमुळेही बाटली काळी पडू शकते, म्हणून अशा ठिकाणी प्रयोगशाळेची तपासणी करून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याचे ठरले, प्रत्येक गावात पाच महिला. आपल्या भगिनींनी आणि शिकलेल्या मुलींनी या कामात पुढे यावे. हंडा ज्यांच्या डोक्यावर, परीक्षेची बाटलीही त्यांच्या हाती असावी, हे योग्यच आहे.

तांबडे पाणी वापरात आणण्याचे उपायही साधे आहेत. पाणी उंचावरून धारेने किंवा झारीतून पाडावे म्हणजे त्याला हवा मिळते आणि लोह गंजते. मग ते काही तास स्थिर ठेवून वाळूच्या थरातून गाळावे. वाळू जुनी होत जाते तसे तिच्यावर लोहजिवाणू वस्ती करतात आणि गाळणी अधिक चांगली चालते. काही देशांत मोठी जलशुद्धीकरण केंद्रेही या जिवाणूंना मुद्दाम कामाला लावतात. वाळूवरचा लाल थर मात्र वेळोवेळी धुऊन काढावा लागतो.

एक सावधगिरी महत्त्वाची. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की काम झाले, असे समजू नये. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनचा काही भाग लोहच खाऊन टाकते आणि जंतूंसाठी तो उरत नाही. अर्ध्या तासानंतर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ना, हे आरोग्य कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्यावे. बँकेत आम्ही जमा किती झाले एवढेच पाहत नाही, अखेरची शिल्लक पाहतो. येथेही तोच नियम. आणि संशय असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे. जंतूंवर हा उपाय घरच्या घरी करता येण्याजोगा आणि खात्रीचा आहे.

विद्यार्थी मित्रांसाठी

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. विनोग्राडस्की यांच्या नावाने ओळखला जाणारा एक प्रयोग शाळेतही करता येतो. काचेची उंच बरणी घ्या. खाडीचा काळा चिखल, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे आणि थोडा जिप्सम किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक मिसळून बरणीच्या तळाशी भरा. वर खाडीचे पाणी ओता, झाकण सैल ठेवा आणि बरणी खिडकीजवळ, पण कडक ऊन लागणार नाही अशी ठेवा. चिखल हाताळल्यावर हात साबणाने धुवा. काही आठवड्यांत तळाशी काळा, त्यावर हिरवा, जांभळट किंवा तांबूस असे थर दिसू लागतील. वर प्राणवायू, खाली गंधकाचा वायू आणि मध्ये आपापल्या सोयीची जागा धरून बसलेल्या जिवाणूंच्या वस्त्या. दर आठवड्याला रंगांची नोंद तारखेसह करा. ही वही म्हणजेच तुमचे पहिले संशोधन.

त्याबरोबरच आपापल्या वाडीतील विहिरी, झरे आणि बोअर यांची यादी करा. पाण्याचा रंग, तवंग, काठीची परीक्षा, शोषखड्डा किती पावलांवर, पावसाळ्यात काय बदलते, उन्हाळ्यात काय बदलते, हे लिहा. बाटलीच्या परीक्षेचा निकाल त्यासमोर नोंदवा. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की ग्रामपंचायतीसमोर ठेवता येईल असा कागद तयार होईल, आणि कोणती विहीर राखावी व कोणत्या विहिरीचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये, हे गावाला ऐकीव गोष्टींवर नव्हे, तर पुराव्यावर ठरविता येईल. तांबड्या पाण्याची एखादी टाकून दिलेली विहीर अशा रीतीने पुन्हा वापरात आली आणि एखाद्या नितळ पाण्यातून पसरणारी कावीळ टळली, तर या लेखाचे प्रयोजन साध्य झाले असे आम्ही समजू.